इराणची रयत आणि तिच्या नांवानें झालेलीं राज्यें
(गांवच्या चावडीपुढें दिलेलें व्याख्यान)



मागच्या बैठकींत एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यानें आम्हांस विचारलें, “मास्तर, तिकडे इराणांत गडबड झाली म्हणजे इकडे आमच्या इंजिनाचें डिझेल कां महागतें? आणि तिथले लोक तरी घडोघडी कां उठतात?” पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका ओळींत देतां येतें. तेल त्या बाजूच्या आखातांतून येतें, म्हणून. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सव्वाशें वर्षांचा हिशेब मांडावा लागतो. तो आज तुमच्यापुढें मांडतों.

आम्ही कांहीं मोठे पंडित नव्हे. ट्रेनिंग कॉलेजांतून बाहेर पडल्यापासून खेड्यांतल्या मुलांना बाराखडी आणि उजळणी शिकवितों, एवढीच आमची विद्या. पण इतिहास वाचतांना आम्हांस एक खोड लागली आहे. कोण गादीवर बसला हें वाचलें, कीं आम्ही लगेच विचारतों, नांगर धरणाऱ्याच्या पदरांत काय पडलें? माग चालविणाऱ्याच्या घरीं काय शिजलें? त्याच खोडीनें आज इराणकडे पाहूं.

तो देश आपणांस वाटतो तितका परका नाहीं. रयत, जमीन, बाजार, दुकान, कारागीर, कारखाना, कागद हे शब्द तुम्ही रोज बोलतां. हे सारे फारशीच्या वाटेनें आपल्या घरीं आले. मुंबई-पुण्याचे इराणी हॉटेलवाले मूळचे तिकडल्या यझ्द व कर्मान बाजूचे. तिथें राहिलेल्या जरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता. तो उठविण्यासाठीं मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं माणेकजी लिमजी हातरिया नांवाच्या गृहस्थांस इराणांत पाठविलें, आणि अठ्ठावीस वर्षांच्या खटपटीनंतर १८८२ सालीं तो कर उठला. शेजाऱ्याचें दुःख समजून घेणारा मनुष्य मुंबईहून गेला होता, हें आपण विसरूं नये.

आतां त्या देशची शेती पाहा. पाऊस थोडा. म्हणून डोंगराच्या पायथ्याचें पाणी जमिनीखालून बोगदा खणून मैलोगणती गांवापर्यंत आणीत. त्यास कनात म्हणतात. औरंगाबादेस मलिक अंबरानें केलेली नहर ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना ही युक्ति लगेच कळेल. बोगद्यांत उतरून ओणव्यानें माती उपसणारा कारागीर जीव मुठींत धरून काम करी. पण पाण्यावर मालकी कोणाची? बहुधा जमीनदाराची. त्याला तिकडे अरबाब म्हणत.

पीक निघालें म्हणजे त्याचे पांच वांटे धरण्याची जुनी रीत होती. एक वांटा जमिनीचा, एक पाण्याचा, एक बियाण्याचा, एक बैलांचा आणि एक मेहनतीचा. ज्याचें जें असेल त्यानें तो वांटा न्यावा. सगळीकडे हें अगदीं काट्याच्या तोलानें चाले असें नाहीं, पण हिशेबाची चाल ही. ज्याच्याजवळ दोन हातांशिवाय कांहीं नाहीं त्याला पांचांतला एक. ज्याच्याजवळ बैल असतील त्याला दोन. बाकीचें धान्य अरबाबाच्या वाड्यांत. आणि अरबाब बहुधा गांवांत राहात नसे, शहरांत राही. हें ऐकून तुमच्यापैकीं कित्येकांना आपल्या आजोबांच्या गोष्टी आठवल्या असतील.

कारागिरांची दशाही तीच. इस्फहान, काशान, यझ्द या शहरांचे विणकर पिढ्यान्‌पिढ्या कापड विणीत. एकोणिसाव्या शतकांत मँचेस्टरचें स्वस्त कापड आलें आणि माग थंड पडले. राज्य काजार घराण्याचें होतें. रशियानें लढाया जिंकून १८१३ व १८२८ च्या तहांनीं उत्तरेकडचा मुलूख घेतला. दक्षिणेकडून इंग्रज दबाव आणीत. मधला शहा कर्जबाजारी. असा राजा काय करतो? जें स्वतःचें नाहीं तें विकतो.

१८९० सालीं नासिरुद्दीन शहानें तंबाखूचा सारा व्यवहार पन्नास वर्षांकरितां एका इंग्रज मेजरास देऊन टाकला. पिकवायची इराणच्या रयतेनें, पण खरेदी, विक्री, निर्गत यांचा मक्ता त्या साहेबाचा. बदल्यांत शहाला वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. आपल्या शेतांतला माल कोणाला विकायचा हेंही कुणब्याच्या हातीं उरलें नाहीं! शिराझ, तब्रीझ, इस्फहान पेटलें. १८९१ च्या डिसेंबरांत थोर धर्मगुरु मिर्झा हसन शिराझी यांच्या नांवानें हुकूम सुटला कीं तंबाखू ओढणें निषिद्ध. आणि काय चमत्कार, घरोघरचे हुक्के थंड झाले. खुद्द शहाच्या जनान्यांतल्या बायकांनींही हुक्का सोडला. महिन्याभरांत मक्ता रद्द करणें शहास भाग पडलें. न बंदूक, न तलवार. नुसत्या न ओढलेल्या हुक्क्यानें हें झालें.

पण गोष्ट इथें संपवूं नका. कंपनीला नुकसानभरपाई म्हणून पांच लाख पौंड द्यावे लागले. तें कर्ज काढून दिलें, आणि कर्जाचें व्याज शेवटीं कराच्या रूपानें कोणाच्या मानेवर बसलें, हें आम्हीं सांगावयास नको.

यानंतर १९०५ साल उजाडलें. रशिया-जपानच्या लढाईमुळें साखर महागली. तेहरानच्या सुभेदारानें साखरेच्या व्यापाऱ्यांना धरून त्यांच्या तळपायांवर काठ्या मारविल्या. बाजार बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यांत बारा हजारांहून अधिक लोक तेहरानांत इंग्रज वकिलातीच्या आवारांत आश्रयाला जाऊन बसले. हे कोण होते? व्यापारी होते, विद्यार्थी होते, पण मोठा भरणा बलुतेदारांसारख्या कामकऱ्यांचा. मोची, शिंपी, कल्हईवाले अशा एकेका धंद्याच्या पंचायतीचा एकेक तंबू. मोठमोठ्या कढयांत अन्न शिजे. विद्यार्थी तंबूंतून राज्यघटना म्हणजे काय तें समजावून सांगत. पूर्वी ज्यांना दरबारांत उभें करीत नसत, ते म्हणूं लागले कीं राजानेंही कायद्यानें बांधलेलें असावें. ५ ऑगस्ट १९०६ रोजीं मुजफ्फरुद्दीन शहानें मागणी मान्य केली. ऑक्टोबरांत पहिली मजलिस, म्हणजे लोकसभा, भरली. तेहरानच्या ६० जागांपैकीं ३२ जागा धंदेवाल्यांच्या पंचायतींना मिळाल्या. कारागिराचा मुलगा कायदा करावयास बसला! आशियाच्या इतिहासांत हा दिवस सोन्यानें लिहावा असा होता.

तरी शिक्षकाची तपकिरी शाई बाजूला ठेवून चालत नाहीं. त्या निवडणुकीच्या कायद्यांत शेतकऱ्याला मत होतें काय? जमीनवाल्यांच्या वर्गांत मत देण्यास निदान १,००० तोमानांची मालमत्ता लागे. इतकी मालमत्ता अरबाबाजवळ. नांगरामागच्या माणसाजवळ ती कोठून? स्त्रियांना तर मुळींच मत नव्हतें. गिलान प्रांतांतल्या रयतेनें, ‘आतां राज्य लोकांचें झालें,’ असें समजून खंड देण्याचें नाकारलें, तेव्हां मजलिसनें तिची बाजू घेतली नाहीं. १९०७ च्या पुरवणी कायद्यांत सर्व लोक कायद्यापुढें समान असें कलम आलें, आणि मजलिसच्या प्रत्येक कायद्याची पांच धर्मशास्त्र्यांनीं तपासणी करावी असेंही कलम आलें. एकाच कागदावर हे दोन बैल दोन दिशांना जुंपले गेले, आणि पुढच्या शंभर वर्षांची ओढाताण तेथेंच सुरू झाली. धर्मगुरु सगळे एका बाजूचे होते असें मात्र समजूं नका. बेहबहानी व तबातबाई यांनीं घटनेसाठीं कष्ट सोसले. फजलुल्ला नूरी यांनीं तिला विरोध केला.

नव्या शहानें, महंमद अलीनें, २३ जून १९०८ रोजीं रशियन अंमलदाराच्या हाताखालच्या फौजेकडून मजलिसवर तोफा डागविल्या. त्याच्या आदल्या सालीं इंग्रज व रशियन यांनीं इराणला न विचारतां इराणांत आपापले टापू वांटून घेतले होते. सगळें संपलें असें वाटलें. पण तब्रीझ शहर उभें राहिलें. सत्तारखान आणि बाकरखान हे तिथले पुढारी कोणी सरदार नव्हते. मोहल्ल्यांतून वर आलेले साधे लोक होते. शहराला वेढा पडला, धान्य संपलें, लोकांनीं गवत खाल्लें, पण मान वांकविली नाहीं. तिथल्या मिशन शाळेंत हॉवर्ड बास्करव्हिल नांवाचा चोवीस वर्षांचा अमेरिकन मास्तर होता. विद्यार्थ्यांबरोबर वेढा फोडावयास निघाला आणि एप्रिल १९०९ मध्यें गोळी लागून पडला. आमच्या धंद्यांतला माणूस म्हणून त्याचें नांव घेतांना आम्हांस अभिमान वाटतो. त्याच जुलैंत घटनावाल्यांनीं तेहरान घेतलें व शहाला गादी सोडावी लागली. पण १९११ च्या अखेरीस रशियाच्या धमकीपुढें मजलिस पुन्हां बंद पडली.

धंद्याची गोष्ट निघाली म्हणून शाळांचेंही सांगतों. हसन रुश्दिया या गृहस्थांनीं बैरूतच्या शिक्षकांच्या शाळेंत शिक्षण घेतलें आणि परत येऊन तब्रीझांत नव्या पद्धतीची शाळा काढली. मुलें थोड्या दिवसांत वाचूं लागलीं, हाच त्यांचा गुन्हा! जुन्या शिक्षणाच्या अभिमान्यांनीं त्यांची शाळा पुनःपुन्हां मोडली. ते पुनःपुन्हां उघडीत राहिले. बीबी खानम अस्तराबादी या बाईंनीं तेहरानांत आपल्याच घरीं मुलींची शाळा काढली, तर तीही विरोधापायीं बंद करावी लागली. पुण्यांत १८४८ सालीं जोतीराव-सावित्रीबाईंनीं शाळा काढली तेव्हां काय झालें, हें या मंडळींना सांगावयास नकोच. देश दुसरा, भाषा दुसरी, पण गरिबाच्या पोराच्या हातांत पाटी आली कीं पोटशूळ उठणारे लोक सगळीकडे सारखेच.

आतां तेलाकडे वळूं. १९०१ सालीं शहानें डार्सी नांवाच्या इंग्रजास साठ वर्षांचा तेलाचा पट्टा दिला. इराणला नफ्यांतले शेंकडा १६. १९०८ सालीं तेल लागलें. १९१४ सालीं ब्रिटिश सरकारनें कंपनीचे निम्म्याहून अधिक हिस्से घेतले. अबादान येथें प्रचंड कारखाना उभा राहिला. तेथें हिंदुस्थानांतलेही मजूर राबत. जमिनीखालचें धन इराणचें, हिशेबाची वही लंडनांत. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी?

१९२१ सालीं रझाखान नांवाच्या फौजी अंमलदारानें तेहरान ताब्यांत घेतलें आणि १९२५ सालीं तो स्वतःच शहा झाला. हा माणूस गरीब घरांतला, साध्या शिपायाचा सेनापति झालेला. त्यानें रस्ते केले, शाळा काढल्या, १९३४ सालीं तेहरानचें विद्यापीठ स्थापिलें, समुद्रापासून समुद्रापर्यंत रेल्वे १९३८ सालीं पुरी केली. परक्याचें कर्ज न काढतां केली, हें खरें. पण पैसा चहा-साखरेवरच्या करांतून आला, म्हणजे गरिबाच्या पेल्यांतून. १९३६ सालीं बायकांचे बुरखे पोलिसांकरवीं उतरविले. बाईनें बुरखा घ्यावा कीं सोडावा हें बाईला विचारावें, एवढें त्यास सुचलें नाहीं. जमिनीच्या नोंदी झाल्या त्या अरबाबांच्या नांवें. आणि हा गरिबाचा मुलगा जमिनी बळकावीत बळकावीत देशांतला सर्वांत मोठा जमीनदार झाला. आपल्यांतला माणूस वर गेला म्हणजे आपलें भलें होतेंच असें नाहीं, हा धडा इथें लिहून ठेवा. १९४१ सालीं इंग्रज व रशियन फौजा शिरल्या, त्याला गादी सोडावी लागली, आणि मुलगा महंमद रझा शहा झाला.

पुढें डॉ. महंमद मुसद्दिक पुढें आले. जन्मानें मोठ्या घराण्यांतले, पण हिशेबाला चोख. तेलकंपनी इराणला जें देई त्याहून अधिक पैसा ती ब्रिटिश सरकारास कराच्या रूपानें देत होती. मार्च १९५१ मध्यें मजलिसनें तेल राष्ट्राचें केलें आणि मुसद्दिक मुख्य प्रधान झाले. १९५२ सालीं त्यांनीं हुकूम काढला कीं अरबाबानें आपल्या वांट्यांतून शेंकडा वीस सोडावे; निम्मे कुळाला आणि निम्मे गांवच्या कामाला. हें फार काळ टिकलें नाहीं. १९ ऑगस्ट १९५३ रोजीं अमेरिकेच्या व इंग्लंडच्या गुप्त खात्यांनीं पैसा पेरून, फौज फितवून त्यांचें सरकार पाडलें. अमेरिकेच्या त्या खात्यानें २०१३ सालीं स्वतःच्या कागदांतून हें कबूल केलें. मुसद्दिकांना तीन वर्षें तुरुंग, आणि पुढें १९६७ सालीं मरेपर्यंत आपल्या गांवांत नजरकैद.

आतां आमच्या मतें सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट येते. जानेवारी १९६२ मध्यें जमीन-सुधारणेचा कायदा झाला. शेतीखात्याचे मंत्री हसन अर्संजानी यांनीं मराघा भागापासून काम सुरू केलें. जमीनदारानें एक गांव ठेवावें, बाकीचीं सरकारनें घेऊन कुळांस द्यावीं. लाखों कुळें मालक झालीं, हें नाकारूं नये. पण जमीन कोणाला? ज्याच्याकडे वहिवाटीचा हक्क होता त्याला. ज्याला वहिवाट नव्हती, जो मजुरीवर जगे, गुरें राखी, गांवांत किरकोळ कामें करी, त्याला कांहीं नाहीं. अशा बिनजमिनीच्या माणसाला तिकडे ‘खुशनशीन’ म्हणतात. अर्थ, सुखानें बसलेला. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा! ज्यांना जमीन मिळाली त्यांतही पुष्कळांचा तुकडा इतका लहान कीं घर चालेना. पुढें सरकारचा ओढा मोठमोठ्या शेतीकंपन्यांकडे गेला. गांवें सोडून लोक तेहरानच्या कडेला झोंपड्यांत राहूं लागले. १९७३ नंतर तेलाचा भाव वाढून सरकारच्या खजिन्यांत पैशाचा पूर आला, पण झोंपडीच्या दारांत चिखलच राहिला.

त्याच शहाच्या अमलांत १९६३ सालीं स्त्रियांना मत मिळालें, आणि लष्करांत घेतलेले शिकलेले तरुण खेड्यांत शिकविण्यास धाडले, हें चांगलें. पण बोलण्याची मोकळीक नव्हती. १९५७ पासून ‘सावाक’ नांवाचें गुप्त पोलीस खातें लोकांच्या जिभेवर बसलें होतें. त्या काळांत समद बेहरंगी नांवाचा एक खेड्यांतला मास्तर होता. तब्रीझच्या शिक्षकांच्या शाळेंत शिकला आणि अकरा वर्षें अझरबैजानच्या खेड्यांत शिकविलें. तो म्हणे कीं मुलांच्या घरची भाषा तुर्की, पुस्तक फारशी, आणि पुस्तकांत असल्या वस्तू ज्या खेड्यांतल्या पोरानें कधीं पाहिल्या नाहींत. तें पोर शिकेल कसें? त्यानें मुलांसाठीं ‘छोटा काळा मासा’ ही गोष्ट लिहिली. ओढ्यांतला लहान मासा समुद्र पाहावयास निघतो, एवढाच विषय. पण साऱ्या देशानें ती वाचली. १९६८ सालीं, तिशी गांठण्यापूर्वींच, तो अरस नदींत बुडून मेला.

१९७८ सालीं सारा देश उठला. मौलवी, विद्यार्थी, बाजार, स्त्रिया सगळे रस्त्यावर. तेलाच्या मजुरांनीं संप केला आणि राज्याची नाडीच थांबली. १६ जानेवारी १९७९ रोजीं शहा देश सोडून गेला. १ फेब्रुवारीस आयातुल्ला खोमेनी परदेशांतून परतले. नवें राज्य ‘दीनदुबळ्यांचें’ असें जाहीर झालें. या राज्यांतही खेड्यांत रस्ते गेले, वीज गेली, दवाखाने गेले, इ. स. २००० च्या सुमारास विद्यापीठांत शिरणाऱ्यांत मुली मुलांहून अधिक झाल्या. हें पदरांत घालावें. पण १९८० सालीं जमीन वांटपाचा जो नवा कायदा झाला, त्याचें मोठ्या जमिनींविषयींचें कलम त्याच सालीं थांबविलें गेलें. खुशनशीन होता तिथेंच राहिला. १९७९ च्या घटनेनें बारा जणांचें एक रक्षकमंडळ नेमलें. मजलिसचा कायदा त्यानें पसंत करावा, आणि निवडणुकीला कोण उभा राहील हेंही तेंच ठरवूं लागलें. १९०७ सालचा दुसरा बैल पहिल्याला फरफटत घेऊन गेला.

आणि बायका? बापानें ज्यांचे बुरखे बळजबरीनें उतरविले, त्यांच्या नातींना नव्या राज्यानें बळजबरीनें डोकें झांकावयास लावलें. त्याविरुद्ध ८ मार्च १९७९ रोजींच स्त्रिया रस्त्यावर आल्या होत्या. सप्टेंबर २०२२ मध्यें महसा अमीनी ही सक्कीझ गांवची बावीस वर्षांची कुर्द मुलगी तेहरानला आली असतां पोशाखावरून पकडली गेली आणि कैदेंत असतांना १६ तारखेस मरण पावली. ‘स्त्री, जीवन, स्वातंत्र्य’ अशी हांक साऱ्या देशांत घुमली. शाळेच्या पोरीदेखील त्यांत होत्या. शेंकडों माणसें मारलीं गेलीं.

तर आजोबा, तुमच्या प्रश्नाचें उत्तर हें. तिथले लोक घडोघडी उठतात, कारण दर वेळीं राज्य त्यांच्या नांवानें झालें आणि हिशेबाच्या वेळीं त्यांना दाराबाहेर उभें केलें. तंबूंत बसले कारागीर, खंड भरीत राहिला कुणबी. जमीन वांटली गेली, मजूर रिकामा राहिला. राजा गेला, बाईच्या डोक्यावरचा हुकूम तेवढा बदलला. तरी ते लोक दमले नाहींत, हीच त्यांची थोरवी.

आम्हीं यांतून स्वतःपुरता एक नियम काढला आहे. कोणी ‘लोकांसाठीं’ म्हणूं लागला कीं विचारावें, यादींत शेवटचें नांव कोणाचें? गांवांत कसलेंही वांटप होवो, सोसायटी होवो, पाण्याची पाळी लागो. पहिल्या नांवावरून त्याची पारख करूं नका, शेवटच्या नांवावरून करा. आणि यादी स्वतः वाचावी. दुसऱ्यानें वाचून दाखविलेल्या यादींत आपलें नांव नेहमींच असतें!

म्हणून शेवटीं घरचीच गोष्ट. या महिन्यांत आमच्या सातवीच्या हजेरींतून दोन मुली कमी झाल्या. एकीला धाकटा भाऊ सांभाळावयाचा आहे, दुसरीचें लग्न ठरवावयाचें चाललें आहे. दोघींचे बाप आज इथें बसले आहेत. त्यांचीं नांवें आम्ही घेत नाहीं. दादांनो, बीबी खानमनें शाळेसाठीं आपलें घर दिलें, बेहरंगीनें आयुष्य दिलें. आम्ही तुमच्याकडे फक्त त्या दोन पोरी परत मागतों. सोमवारीं सकाळीं हजेरी घेतांना आम्ही त्यांचीं नांवें पुकारणार आहों. ‘हजर’ असा आवाज आला, म्हणजे आजचें हें बोलणें फुकट गेलें नाहीं असें समजूं.